टूल का पडते?
स्वयंचलित टूल-बदलीच्या बिघाडांचा एक शोध

आत्ता आपल्या हातात जे आहे त्याला इंग्रजीत मॅगझिन म्हणतात. ज्या यंत्राविषयी हा लेख आहे त्याच्या अंगावरही एक मॅगझिन असते. शब्द मुळात एकच. अरबीत ‘मख्झन’ म्हणजे कोठार. आपला ‘खजिना’ही त्याच धातूपासून आला. नियतकालिकात मजकूर साठवतात, बंदुकीच्या मॅगझिनमध्ये काडतुसे, आणि मशीनिंग सेंटरच्या मॅगझिनमध्ये ड्रिल, टॅप, फेसमिल, बोरिंग बार अशी वीस-चोवीस कापणारी हत्यारे. कारखान्यात त्यांना सरसकट ‘टूल’ म्हणतात. या लेखातही तोच शब्द वापरतो.

काम चालू असताना हे यंत्र हातातले टूल ठेवून देते आणि मॅगझिनमधले पुढचे उचलते. माणसाचा हात लागत नाही. या व्यवस्थेला एटीसी, म्हणजे ऑटोमॅटिक टूल चेंजर म्हणतात. ती नीट चालते तेव्हा तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते. एखाद्या दिवशी तिच्या तावडीतून चार-पाच किलोचे टूल सुटते, टेबलावर आदळते, तयार होत आलेला जॉब फुटतो आणि मशीन बंद पडते. मग बिघाडवहीत एक ओळ लिहिली जाते. पुष्कळ वेळा ती ओळ अशी असते : ‘टूल पडले. ऑपरेटरचा निष्काळजीपणा.’

त्या ओळीने प्रकरण मिटते, पण टूल का पडले हे कळत नाही. शिवाय ज्याच्या नावावर ती ओळ लिहिली जाते त्याच्या पगारावर आणि नोकरीवर तिचा परिणाम होतो. एटीसीचा बिघाड जिथे दिसतो तिथे तो बहुधा सुरू झालेला नसतो, आणि जिथे सुरू होतो तिथली नोंद कोणी ठेवत नाही. एवढेच मला या लेखात दाखवायचे आहे. रत्नागिरीसारख्या दमट आणि दूरच्या गावात ही गोष्ट अधिकच महागात पडते.

हात कसा आला

लेथवर काम करणारा जुना कारागीर टूल स्वतः बदलत असे. पाना घ्यायचा, बोल्ट सैल करायचा, टूल काढायचे, बसण्याची जागा फडक्याने पुसायची, नवे टूल बसवून अंगठ्याने दाबून पाहायचे आणि मग आवळायचे. किर्लोस्करवाडीला १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, पुढे १९४१ मध्ये हरिहरला किर्लोस्करांच्याच म्हैसूर किर्लोस्करमध्ये लेथ बनू लागले, तेव्हापासून आपल्याकडच्या कारागिरांच्या कित्येक पिढ्या याच हालचाली करत आल्या. त्यात एक गोष्ट इतकी सहज होती की तिला नाव नव्हते : प्रत्येक बदलाच्या वेळी माणूस ती जागा पाहत होता, पुसत होता आणि चाचपत होता.

१९५२ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत आकड्यांच्या हुकमावर चालणारे मिलिंग मशीन दाखवण्यात आले. त्यामागची मूळ कल्पना जॉन पार्सन्स यांची. यंत्राचे सरकणे आपोआप होऊ लागले, तरी टूल बदलायला माणूस लागतच होता. त्या दशकाच्या अखेरीस कर्नी अँड ट्रेकर या कंपनीने ‘मिलवॉकी-मॅटिक’ हे मशीन बाजारात आणले. ते स्वतःचे टूल स्वतः बदलत असे. मिलिंग, ड्रिलिंग, बोरिंग, टॅपिंग ही वेगवेगळ्या मशीनवरची कामे एकाच ठिकाणी होऊ लागली आणि ‘मशीनिंग सेंटर’ ही जात जन्माला आली. माणसाने हात काढून घेतला. त्याच्याबरोबर त्याचे पाहणे, पुसणे आणि चाचपणेही गेले. या तीन गोष्टींची भरपाई यंत्राने कशी केली आणि ती कुठे अपुरी पडते, हाच एटीसीच्या भरवशाचा प्रश्न आहे.

दोन-तीन सेकंदांत काय घडते

आपल्याकडच्या लहान कारखान्यांत सर्वाधिक दिसते ते उभ्या स्पिंडलचे मशीनिंग सेंटर, म्हणजे व्हीएमसी. यातले प्रत्येक टूल एका पोलादी होल्डरमध्ये बसवलेले असते. होल्डरचा वरचा भाग निमुळता. त्याला टेपर म्हणतात. २४ मिलिमीटर लांबीमागे त्याचा व्यास ७ मिलिमीटरने घटतो. लहान कारखान्यांत नेहमी आढळणाऱ्या बीटी-४० मापात रुंद टोकाचा व्यास ४४.४५ मिलिमीटर असतो. टेपरच्या अरुंद टोकाला ‘पुल स्टड’ नावाची मान-मुंडी असलेली खुंटी आट्यांवर आवळलेली असते. स्पिंडलच्या पोटातून ‘ड्रॉबार’ ही सळई जाते. तिच्या टोकाची पोलादी बोटे स्टडची मान पकडतात आणि होल्डरला वर ओढून धरतात.

ही ओढ सुमारे एक टनाची असते आणि ती येते बशीच्या आकाराच्या स्प्रिंगांच्या चळतीतून. रचनेतली खुबी अशी की टूल धरून ठेवायला वीज किंवा हवा लागत नाही, सोडायला लागते. वीज गेली तरी स्पिंडलमधले टूल निसटत नाही.

आता बदलाच्या पायऱ्या पाहू. (१) मॅगझिन फिरून हवे ते टूल समोर आणते. (२) ते टूल ज्या कपात असते तो पॉट खाली झुकतो. (३) थांबलेला स्पिंडल ठरलेल्या उंचीवर जातो. (४) तो स्वतःला ठरलेल्या कोनात उभा करतो, कारण त्याच्या तोंडावरच्या दोन चाव्या होल्डरच्या खाचांत बसायच्या असतात. (५) दोन टोकांचा आर्म वळून एका टोकाने स्पिंडलमधले जुने टूल आणि दुसऱ्याने पॉटमधले नवे टूल पकडतो. (६) ड्रॉबार सुटतो. (७) आर्म खाली उतरतो; दोन्ही टूले बाहेर येतात. (८) आर्म अर्धा फेरा फिरतो. (९) वर चढतो. (१०) ड्रॉबार नवे टूल पकडतो. (११) आर्म मूळ जागी परततो. (१२) पॉट जुने टूल घेऊन वर जातो. टूल मोकळे असताना स्पिंडलच्या पोटातून हवेचा झोत सोडून टेपर साफ केला जातो. कारागिराच्या फडक्याची जागा या झोताने घेतली आहे.

चाचपण्याची जागा घेतली सेन्सरांनी. महत्त्वाच्या पायऱ्यांनंतर एखादा प्रॉक्सिमिटी सेन्सर कंट्रोलरला खबर देतो आणि ती मिळाल्याशिवाय पुढची पायरी सुरू होत नाही. पण या खबरीचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. सेन्सर एवढेच सांगतो की ‘माझ्या तोंडासमोर धातू आला आहे.’ कंट्रोलर त्याचा अर्थ ‘ड्रॉबार पूर्ण सुटला’ असा लावतो. ड्रॉबार प्रत्यक्षात सुटला की नाही हे कोणीच पाहिलेले नसते. शिवाय सातवी, आठवी आणि नववी पायरी बहुतेक मशीनांत एकाच कॅमवर बांधलेली असते. आर्म उतरू लागला की मध्ये चौकशी होत नाही.

साखळीचे गणित

एक हिशेब मांडून पाहू. समजा एका जॉबला आठ टूले लागतात, जॉबला दहा मिनिटे लागतात आणि दोन पाळ्यांत मिळून मशीन पंधरा तास चालते. दिवसाला ९० जॉब, म्हणजे ७२० टूल-बदल. प्रत्येक बदलात बारा पायऱ्या. प्रत्येक पायरी ९९.९९ टक्के खात्रीची आहे असे धरले, तर ऐकायला ते फारच चांगले वाटते. पण बारा पायऱ्या एकामागोमाग असल्याने खात्रींचा गुणाकार होतो आणि संपूर्ण बदलाची खात्री ९९.८८ टक्क्यांवर येते. ७२० बदलांत त्याचा अर्थ जवळजवळ रोज एक बिघाड.

उलट दिशेने पाहू. ३०० दिवसांच्या वर्षात २ लाख १६ हजार बदल होतात, म्हणजे जवळपास २६ लाख पायऱ्या. वर्षाला फक्त एक बिघाड हवा असेल तर कोणतीही पायरी २६ लाख वेळांत सरासरी एकदाच चुकली पाहिजे. चांगली मशीने महिनोन्‌महिने विनातक्रार चालतात तेव्हा त्यांनी गाठलेली पातळी ही असते. म्हणूनच किरकोळ दिसणाऱ्या बदलाने ती ढासळते. धातूचा एक कण, एक सैल नट किंवा थेंबभर पाणी तेवढ्याला पुरते.

कुठे कुठे बिघडते

पहिली जागा पकड. बशी-स्प्रिंगा प्रत्येक बदलात दबतात आणि सुटतात. लाखो वेळा हे झाल्यावर एखादी तडकते आणि चळतीची ओढ थोडी कमी होते. लगेच काही दिसत नाही. टूल जोरात कापताना टेपर स्पिंडलमध्ये सूक्ष्म हलू लागतो आणि त्याच्या चकचकीत पृष्ठभागावर तांबूस-तपकिरी डाग उमटतात. हे डाग पाहून पुष्कळ जण ‘गंज आला’ म्हणून पॉलिश पेपर मारतात. दमट हवेचा गंजही असू शकतो. पण डाग वारंवार एकाच पट्ट्यात येत असतील तर ओढ मोजून पाहायला हवी. त्यासाठी स्पिंडलमध्ये बसवून ओढीचा आकडा दाखवणारे मापक मिळते.

पुल स्टड हा याच जागेतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. बीटी-४० च्या स्टडमध्ये मानेचा कोन ४५ अंश आणि ६० अंश असे दोन प्रकार सर्रास मिळतात आणि नुसत्या डोळ्यांना ते पटकन ओळखू येत नाहीत. घाईत दुकानातून आणलेला वेगळ्या कोनाचा स्टड ड्रॉबारच्या बोटांत बसतो, धरलाही जातो, पण पूर्ण पृष्ठभागावर धरला जात नाही. तो नेमका कधी दगा देईल ते सांगता येत नाही.

दुसरी जागा आर्म. टूल पकडल्यावर ते निसटू नये म्हणून आर्मच्या प्रत्येक टोकाला कुलपासारखी खिटी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. बीड कापताना उडणारी काळी भुकटी कूलंटमध्ये मिसळून तिथे साचते आणि खिटी अर्धवट अडकते. मशीनच्या पुस्तकात दिलेल्या वजनापेक्षा जड टूल लावले असेल तर अर्ध्या फेऱ्याच्या झटक्यात या अर्धवट खिटीची परीक्षा होते.

तिसरी जागा यंत्राची स्मरणवही. आर्म असलेल्या मशीनमध्ये जुने टूल स्वतःच्या मूळ पॉटमध्ये परत जात नाही. नव्याने रिकाम्या केलेल्या पॉटमध्ये जाते. कोणते टूल कोणत्या पॉटमध्ये, याची यादी कंट्रोलर प्रत्येक बदलानंतर सुधारतो. बदल अर्धवट असताना वीज गेली, आणि कोणी आर्मची मोटर पान्याने फिरवून टूल सोडवले, तर यादी आणि वस्तुस्थिती वेगळ्या होऊ शकतात. या बिघाडाला अलार्म नाही. मशीन शांतपणे ड्रिलच्या जागी टॅप उचलते आणि ड्रिलच्या वेगाने तो जॉबमध्ये घुसवते. टूल पडण्यापेक्षा मला हा प्रकार अधिक धोक्याचा वाटतो, कारण यात यंत्र पूर्ण आत्मविश्वासाने चुकते. पावसाळ्यात वीज जाण्याचे प्रकार आपल्याकडे नवे नाहीत. त्यामुळे अर्धवट बदलानंतर प्रत्येक पॉट डोळ्यांनी पाहून यादीशी ताडून घेणे हा इथला नियमच असायला हवा.

रत्नागिरीची हवा

व्हीएमसीला दाबाखालची हवा लागते. पॉट झुकवायला हवा, टेपर पुसायला हवा, आणि पुष्कळ मशीनांत ड्रॉबार सोडवणारा तेलाचा दाबही हवेच्या जोरावर तयार होतो. ही हवा कॉम्प्रेसर बाहेरून ओढतो. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते.

३० अंश तापमानाच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ मावते. आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्यात साधारण २६ ग्रॅम पाणी असतेच. अशी सात घनमीटर हवा दाबून एक घनमीटर केली, तर त्यात १८० ग्रॅमच्या आसपास पाणी येते. पण ती पुन्हा ३० अंशांवर आल्यावर तिच्यात मावते ३० ग्रॅमच. उरलेले दीडशे ग्रॅम पाणी होऊन टाकीत आणि पाइपांत उतरते. लहान कारखान्यातला कॉम्प्रेसर तासाला ३० घनमीटर हवा ओढत असेल, तर पावसाळ्यात तासाला साडेसहाशे मिलिलिटरच्या आसपास पाणी बनते. आठ तासांत पाच लिटर. ड्रायर नसेल आणि टाकीखालचा कॉक रोज उघडला नाही, तर हे पाणी मशीनमध्ये जाते. ज्या झोताने टेपर पुसायचा, तोच मग टेपरवर पाणी फवारतो.

मशीनच्या पुस्तकात ‘कोरडी, स्वच्छ हवा वापरावी’ एवढे एकच वाक्य असते. ते वाक्य चाकणला एक अर्थ सांगते आणि मिरजोळ्याला दुसरा.

एका वहीतल्या चार ओळी

रत्नागिरीतल्या एका कारखान्याची बिघाडवही मला पाहायला मिळाली. कारखान्याचे नाव इथे देण्याचे कारण नाही; अशा वह्या सगळीकडे सारख्याच असतात. त्या पावसाळ्यात एकाच व्हीएमसीविषयी चार नोंदी होत्या. पहिली : ‘टूल अनक्लॅम्प अलार्म. रिसेट केले. चालू.’ दुसरी, काही दिवसांनी : ‘पुन्हा तोच अलार्म. सेन्सर सेट केला. चालू.’ तिसरी, मधे बऱ्याच दिवसांनी : ‘टूल बदलताना आवाज. ग्रीस केले.’ चौथी : ‘फेसमिल पडली. जॉब रिजेक्ट. ऑपरेटर निष्काळजी.’ ऑपरेटर आयटीआय होऊन आलेला मुलगा होता. नुकसानीची रक्कम त्याच्या पगारातून कापायची असे ठरले होते. त्याचे म्हणणे एवढेच होते, “साहेब, ते टूल मी लावलंच नव्हतं. मशीननंच लावलं होतं.”

चारही नोंदी वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या बिघाडांच्या म्हणून लिहिल्या होत्या. त्या एकाखाली एक ठेवल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती तारखांची. पहिले दोन्ही अलार्म साप्ताहिक सुट्टीनंतरच्या सकाळी, पाळी सुरू होताच आलेले. सुट्टीत टाकीतले आणि पाइपातले पाणी खाली बसून राहत होते आणि सकाळी पहिल्या हवेबरोबर मशीनमध्ये येत होते. ड्रॉबार सोडवणारा सिलिंडर अशा वेळी पूर्ण जोराने सरकत नव्हता. सेन्सर ‘अजून सुटला नाही’ असे सांगत होता, आणि ते खरे होते.

दुसऱ्या नोंदीतले ‘सेन्सर सेट केला’ हे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे ठरले. सेन्सरच्या ब्रॅकेटशेजारी जुन्या जागेची रंग नसलेली चौकट दिसत होती. ब्रॅकेट तिथून सरकवलेला होता. आता ड्रॉबार थोडा अलीकडेच असताना ‘सुटला’ अशी खबर जाऊ लागली. अलार्म बंद झाला. ड्रॉबारची बोटे मात्र ओल्या सकाळी स्टडला अर्धवट धरूनच असत आणि आर्म ते टूल जबरदस्तीने ओढून काढत असे. तिसऱ्या नोंदीतला आवाज तो. स्टडच्या मानेवर एका बाजूला घासल्याच्या ताज्या खुणा होत्या आणि आर्मच्या एका टोकाची खिटी दुसऱ्या टोकापेक्षा स्पष्टपणे सैल झाली होती.

मग फेसमिल रोज का पडत नव्हती? आर्म प्रत्येक बदलात अर्धा फेरा फिरतो, त्यामुळे स्पिंडलसमोर त्याची दोन टोके आळीपाळीने येतात. फेसमिल कधी चांगल्या टोकात असे, कधी सैल टोकात. त्यामुळे दोष असूनही तो लहरी वाटत होता, आणि यंत्राचा बिघाड लहरी वाटू लागला की संशय माणसावर जातो. ब्रॅकेट जागेवर आणला, खिटी आणि तिची स्प्रिंग बदलली, स्टड नवे लावले, आणि टाकीचा कॉक रोज सकाळी मशीन सुरू करण्याआधी उघडायचे ठरले. मुलाची कपात रद्द झाली. वहीत मात्र पाचवी ओळ कोणी लिहिली नाही. पुढच्या वर्षी ती वही उघडणाऱ्याला चौथीच ओळ शेवटची म्हणून दिसेल.

अंतरे आणि त्यांचा क्रम

बिघाडांच्या नोंदी गोळा करून त्यातून काही शिकण्याची शाखा जुनी आहे. स्वीडनचे वालोडी वायबुल यांनी १९५१ च्या निबंधात मांडलेले सूत्र आजही वापरतात. त्यातला एक आकडा बिघाडाचा स्वभाव सांगतो. आपल्याला तो आंब्याच्या झाडावरून समजेल. मोहर आणि बाळकैऱ्या सुरुवातीलाच मोठ्या संख्येने गळतात. जे टिकले ते टिकतात. तो आकडा एकपेक्षा कमी असेल तर बिघाड या जातीचा : चुकीची जोडणी, सदोष सुटा भाग. मधल्या काळात वाऱ्याने एखादी कैरी पडते, तिच्या वयाशी त्याचा संबंध नसतो. आकडा एकच्या जवळ असेल तर असे. आणि शेवटी पिकलेला आंबा देठापासून सुटतो, तेव्हा आकडा एकपेक्षा मोठा. बशी-स्प्रिंगा या तिसऱ्या जातीच्या. त्या बदलांच्या संख्येवर लक्ष ठेवून वेळेआधी बदलण्यात अर्थ आहे. कूलंट शिरून बंद पडणारा सेन्सर दुसऱ्या जातीचा. तो दरवर्षी बदलून फायदा नाही, त्याची केबल झाकण्यात आहे.

ब्रिटनमध्ये केलर, कामत आणि परेरा यांनी ३५ सीएनसी मशीनांच्या तीन वर्षांच्या नोंदी तपासून १९८२ मध्ये निष्कर्ष मांडले. आपल्या शेजारी, सांगली जिल्ह्यातल्या आष्टा येथील अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालयाशी संबंधित लक्ष्मण वाघमोडे, राजकुमार पाटील आदी संशोधकांनी सीएनसी टर्निंग सेंटरच्या देखभाल-नोंदींवर असेच काम केले आहे. टर्निंग सेंटरमध्ये टूल बदलण्याची तऱ्हा वेगळी असते, पण त्यांच्या पद्धतीतली एक पायरी आपल्या वहीलाही लागू पडते : सरासरी काढण्याआधी बिघाडांचा कल तपासावा.

एका मशीनच्या बिघाडांमधली अंतरे क्रमाने ६०, ५०, ४०, ३० आणि २० दिवस आहेत. दुसऱ्याची २०, ३०, ४०, ५० आणि ६०. दोघांची सरासरी ४० दिवस. पहिले मशीन हातचे चालले आहे, दुसरे सुधारते आहे. सरासरी सांगणाऱ्याला दोन्ही सारखी दिसतात. हा फरक पाहायला संगणक लागत नाही, तारीख लिहिलेली वही पुरते.

घाटापलीकडचा दुरुस्तीवाला

मशीन किती भरवशाचे हे ते किती दिवसांनी बिघडते यावर जितके ठरते, तितकेच ते किती तासांत दुरुस्त होते यावरही. समजा दोन सारखी मशीने चालण्याच्या दर ४०० तासांमागे एकदा बिघडतात. एक चाकणला आहे. तिथे कंपनीचा माणूस येऊन आठ तासांत काम संपवतो. ते ९८ टक्के वेळ उपलब्ध राहते. दुसरे रत्नागिरीत आहे. माणूस पुण्याहून किंवा कोल्हापूरहून यायचा, सुटा भाग मागाहून यायचा, आंबा घाटात दरड आली तर वाट पाहायची. कामाचे ७२ तास गेले तर उपलब्धता ८५ टक्क्यांच्या खाली जाते. ज्या कारखान्यात असे एकच मशीन आहे, तिथे या तेरा टक्क्यांतच बँकेचा हप्ता असतो.

म्हणून इथे दुरुस्तीची सुरुवात बिघाडाआधी करावी लागते. योग्य कोनाचे, एकाच जातीचे दहा-बारा पुल स्टड कपाटात. आर्मच्या खिटीच्या दोन स्प्रिंगा आणि एक प्रॉक्सिमिटी सेन्सर हाताशी. प्रत्येक सेन्सरच्या ब्रॅकेटभोवती रंगाची रेघ, म्हणजे तो सरकवला तर दिसेल. हवेच्या टाकीचा कॉक रोज, आणि शक्य असेल तर ड्रायर. आठवड्यातून एकदा सगळ्या टेपरांकडे उजेडात पाहणे. कारागीर पूर्वी प्रत्येक बदलाला जे करत होता, ते आठवड्यातून एकदा तरी.

आणि वही. ‘टूल पडले’ एवढ्यावर न थांबता पाच रकाने भरावेत : टूल कोणते, पॉट कोणता, आर्मचे टोक कोणते (एका टोकाला रंगाचा ठिपका दिला की झाले), वेळ कोणती, आणि आदल्या बिघाडानंतर किती टूल-बदल झाले. पाच-सहा नोंदी साठल्या की त्यांत सारखे काय ते शोधावे. दर वेळी तेच टूल असेल तर त्याचे वजन आणि स्टड पाहा. तोच पॉट असेल तर पॉट. तेच टोक असेल तर आर्म. सुट्टीनंतरची सकाळ असेल तर हवा. सेन्सर सरकवला असेल तर किती आणि का, हे सरकवणाऱ्याच्या सहीने लिहावे.

पाचही रकाने भरल्यावर सारखे काहीच सापडले नाही आणि दर वेळी माणूस मात्र तोच असेल, तर त्याच्याकडे जरूर जावे. आधी हे रकाने, मग माणूस, हा क्रम मात्र मोडू नये. ही वही ऑपरेटरनेच लिहावी, कारण बदलाचा आवाज पहिल्यांदा त्यालाच ऐकू येतो. आणि लिहिल्याबद्दल त्याचा पगार कापला जाणार नाही एवढी हमी मालकाने पहिल्या पानावर द्यावी.